यशाचा हात आणि खिडकीच्या दोन काचा

यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय 'नशीब' आहे, असं संपादकांनी फोनवर सांगितलं आणि वर म्हणाले, "इक्बालभाई, तुमच्याइतका नशीबवान मेकॅनिक लोणावळ्यात दुसरा नाही. तुम्ही नाही लिहिणार तर कोण?" मी खूश होऊन होकार दिला. चार विचित्र गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगाव्यात, फराळ करता करता लोकांनी हसावं, एवढाच माझा बेत होता. अर्धा लेख लिहूनही झाला होता. मग एक गोष्ट कानावर आली आणि त्या धक्क्यातून मी अजून सावरलेलो नाही. त्यामुळे लेखाची सुरुवात एका माणसानं लिहिलेली आहे आणि शेवट दुसऱ्यानंच, असं वाटेल. तो तसाच देतो आहे.

मी इक्बाल मुलाणी. मूळ गाव इंदुरी, पण सारी हयात लोणावळ्यात गेली. गॅस गिझर बसवायचे आणि दुरुस्त करायचे, हा माझा धंदा. आता गुडघे स्टुलावर चढू देत नाहीत म्हणून काम बंद केलं. फोन मात्र बंद झालेले नाहीत. कुठला ना कुठला बंगलेवाला विचारतोच, "तुम्ही नुसते येऊन उभे राहाल का? तुमची नजर पडली की बरं वाटतं." आमची रेहाना म्हणते, "घरातल्या नळावर पण जरा नजर टाका, तीन महिने गळतोय."

ज्यांच्याकडे गॅस गिझर नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. भिंतीवर टांगलेली ही एक पत्र्याची पेटी असते. एका नळीतून गॅस येतो, दुसरीतून पाणी. तुम्ही नळ सोडलात की पाण्याच्या दाबानं आतला रबरी पडदा सरकतो, गॅस उघडतो, साध्या दोन सेलवर ठिणगी पडते आणि बर्नर पेटतो. त्यावर तांब्याच्या नळीची वेटोळी असतात, त्यांतून जाता जाता पाणी कढत होतं. नळ बंद की आगही बंद. यात अवघड असं काही नाही. पण लोणावळ्याच्या पावसात लोखंडाचं जे होतं तेच गिझरचं होतं, आणि बर्नरच्या बारीक भोकांत कोळी घर करतात. मग निळी असायला हवी ती ज्योत पिवळी होते. पिवळी ज्योत दिसली की मेकॅनिकनं स्टुलावरून उतरायचं नाही, एवढं मला माझ्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. भांगरवाडीतल्या एका साहेबांचा गिझर दर रविवारी बिघडायचा. तीन रविवार मी पेटी खोलली, पुसली, लावली. चौथ्या रविवारी त्यांच्या नातीनं सांगितलं, की मॅच बघायला आजोबा गिझरमधले सेल काढून रिमोटमध्ये घालतात. एका बाईंनी नव्या गिझरवर लिंबू-मिरची टांगली होती, ती बर्नरच्या धगीनं भाजून निघाली आणि सगळ्या घरात ठसका उठला. त्या मलाच रागावल्या. एक गृहस्थ मुहूर्ताशिवाय गॅस जोडू देईनात. मुहूर्त होता दुपारी पावणेतीनचा, तोवर मी त्यांच्या झोपाळ्यावर बसून दोनदा पोहे खाल्ले.

अशा मंडळींनीच माझं नाव केलं. "इक्बालभाईंच्या हाताला यश आहे," हे वाक्य तुंगार्लीपासून वलवणपर्यंत प्रत्येक बंगल्याच्या राखणदाराच्या तोंडी होतं. माझ्या हातचा गिझर कधी दगा देत नाही, असं लोक म्हणायचे. ते खरंही होतं, पण त्यात हाताचं काही नव्हतं. मी रोज एक कंटाळवाणी गोष्ट करायचो, बाकीचे करायचे नाहीत, एवढाच फरक.

ती गोष्ट मी का करू लागलो, ते सांगायला हवं. धंद्यात मी नवा होतो. एका हॉटेलात नवं लग्न झालेलं जोडपं बाथरूममध्ये मृत सापडलं. गिझर मी बसवलेला नव्हता, पण तपासायला पोलिसांनी मला बोलावलं. मी पेटी खोलली. काय सांगू, मी घाबरलो तो बिघाड सापडला म्हणून नाही, बिघाडच सापडला नाही म्हणून. गॅस गळत नव्हता, ज्योत निळी होती, पाणी झकास तापत होतं. फक्त खिडकी बंद होती आणि थंडी आत येऊ नये म्हणून फटीत टॉवेल कोंबलेला होता. बंद खोलीत आग जळत राहिली की ती हवा खाऊन टाकते आणि एक असा वायू सोडते ज्याला वास नाही, रंग नाही. माणसाला वाटतं गरम पाण्यानं गुंगी येतेय. मग गुडघे वळतात, आणि दाराच्या कडीपर्यंत हात पोचत नाही. त्या मुलीच्या हातावरची मेंदी अजून लाल होती. घरी येऊन मी दोन दिवस जेवलो नाही.

खरं तर हा गिझर बाथरूमच्या बाहेरच बसवायला हवा. पण जुन्या बंगल्यांत पाइप सगळे आत घातलेले, मालक भिंत फोडू देत नाहीत. म्हणून मी माझा नियम केला. आपल्याकडे बाथरूमला काचेच्या आडव्या पट्ट्यांची खिडकी असते, दांडी ओढली की सगळ्या पट्ट्या मिटतात. मी काम संपलं की त्यातली एक वरची आणि एक खालची पट्टी काढायचो आणि पिशवीत घालून घरी न्यायचो. काच तिथंच ठेवली तर माणूस पहिल्या गारव्याला ती परत बसवतो, म्हणून घरी न्यायची. आमच्या माळ्यावर अशा काचांची चळत लागली होती. लोक चिडायचे, पाऊस आत येतो म्हणायचे, बेडूक येतात म्हणायचे. मी म्हणायचो, "बेडूक आत येतोय म्हणजे हवा पण येतेय. काच हवी असेल तर मेकॅनिक दुसरा बघा."

इंदुरीत माझ्याच गल्लीतल्या बबनआबांनी न्हाणीची खिडकी विटांनी बुजवलेली होती. मी गिझर बसवायला नकार दिला.

"बाया न्हात्यात तितं. खिडकी कशापायी ठिवू?" आबा गरजले.

"आबा, मग गिझर भिंतीच्या बाहेर टांगतो. नळ फक्त आत."

"बाहीर? लोकं म्हनतील ह्याला गिझर दावायचा हाय."

"दाखवा की. पैसे टाकलेत तुम्ही."

हे मात्र त्यांना पटलं. पुढे ते येणाऱ्याजाणाऱ्याला तो गिझर दाखवायचे. सांगायचा मुद्दा एवढाच, की मी ऐकणारा माणूस नव्हतो. निदान चार वर्षांपूर्वीपर्यंत नव्हतो.

तुंगार्लीला तलावाच्या अंगाला एका पुण्याच्या मॅडमचा बंगला आहे. नाव लिहीत नाही. किसनआबा आणि त्यांची बायको सोनामावशी तिथं वीस वर्षं राखण करत होते. बंगल्याच्या मागं त्यांची एक खोली. माझी त्या घराशी चांगली घसट होती. किसनआबा बागेत रमलेले अबोल गृहस्थ, आणि मावशी म्हणजे सगळ्या पंचक्रोशीत नाव असलेली बाई. बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ घालायचं काम त्या करायच्या. वलवण, तुंगार्ली, भांगरवाडी, कुठंही घरात पाळणा हलला की पहिला निरोप सोनामावशींना. त्यांचा हात लागला की रडकं पोर हसतं, खंगलेली बाळंतीण उभी राहते, असं बायका म्हणायच्या. माझ्याबद्दल जे बंगलेवाले बोलत, तेच त्यांच्याबद्दल आयाबाया बोलत.

चार वर्षांपूर्वीच्या आषाढात त्यांची लेक मनीषा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, तिला नुकताच मुलगा झाला होता. मी बंगल्यावर काम करत होतो, मॅडम नूतनीकरण करत होत्या. काम चालू असतानाच त्यांनी मला सांगितलं, की शेजारच्या आणखी बंगल्यांचं कामही त्या मलाच मिळवून देणार. मी गिझर उतरवून साफ केला, परत टांगला, ज्योत बघितली. खिडकीतल्या दोन काचा मी फार पूर्वीच काढून नेलेल्या होत्या.

मॅडम बाथरूममध्ये आल्या आणि तिथल्या नव्या लाकडी कपाटावर खिडकीतून उडालेलं पाणी बघून त्यांचा चेहरा उतरला. "इक्बालभाई, हे कपाट महिन्यात फुगेल हो. काचा बसवा ना."

मी नेहमीचं वाक्य म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्या हसून म्हणाल्या, "तुमच्या हातचं कधी काही बिघडत नाही, सगळं लोणावळं सांगतं. तुम्ही बसवलेल्या काचेनं काय होणारय?"

आता खरं लिहितो. मला ते गोड वाटलं. इतकी वर्षं मी मनातल्या मनात हसायचो त्या हाताच्या यशावर, आणि त्या क्षणी माझा त्याच्यावर विश्वास बसला. नव्या बंगल्यांची कामं डोळ्यांसमोर होतीच. सुताराकडे नव्या काचा पडल्या होत्या, त्यातल्या दोन मापात बसत होत्या. मी स्टुलावर चढलो आणि त्या बसवल्या. "अंघोळीच्या वेळी दांडी उघडी ठेवा," एवढं म्हणालो. मॅडम "हो, हो," म्हणाल्या.

याहून वाईट पुढेच आहे. स्टुलावरून उतरताना मला कोपऱ्यात बादलीमागे एक वाटी दिसली. तिच्यात तेल होतं आणि शेजारी हळद घातलेलं डाळीचं पीठ. माझ्या लगेच लक्षात आलं. मागच्या खोलीतल्या मोरीला धड दार नव्हतं, पाऊस झोडपत होता, मॅडम पंधरवड्यातून एकदा येत, सकाळी बंगला रिकामा. मावशी लेकीला आणि नातवाला इथं न्हाऊ घालत होत्या, मॅडमना न सांगता. मॅडमच्या नजरेला पडून त्या बिचाऱ्यांना बोलणी बसू नयेत म्हणून मी ती वाटी पायानं हळूच आणखी मागे सरकवली. म्हणजे दया मला आली. पण बाळंतिणीच्या अंघोळीला आपल्याकडे काय करतात, हे मला माहीत नव्हतं का? माझ्याच घरात दोन बाळंतपणं झाली. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून एकही फट ठेवत नाहीत, दार लावतात, खिडकी लावतात आणि कढत पाणी अर्धा अर्धा तास अंगावर घेतात. हे सगळं ठाऊक असून मी काचा तशाच ठेवल्या. जाताना किसनआबांच्या कानावर घालू, असं ठरवलं होतं. आबांना मॅडमनी गाडी धुवायला लावलं होतं, पावसाचा जोर वाढला, आणि मी स्कूटरला किक मारून निघून गेलो. गडबडीत माझा नट खोलायचा पान्हा व्हरांड्याच्या पायरीवर राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मी तो पान्हा आणायला गेलो. लोक म्हणतात मला वरून बुद्धी झाली. तसलं काही नाही. काचा माझ्या डोक्यातसुद्धा नव्हत्या. मॅडम पुण्याला परत गेल्या होत्या, आबा दूध आणायला गेलेले. मी पान्हा उचलला आणि वळणार, तोच आतून बाळाच्या रडण्याचा आवाज आला. तान्हं पोर रडतंच, मी दोन पावलं चाललोही. पण ते थांबेचना, आणि त्याला गप्प करणारा कुणाचाच आवाज येईना.

"मावशी!" मी हाक मारली. "मनीषा!"

आत पलंगावर बाळ दुपट्यात गुंडाळलेलं, लालबुंद होऊन किंचाळत होतं. बाथरूमचं दार आतून बंद. आतून गिझरच्या जळण्याचा आणि पाणी पडण्याचा आवाज. मी दार बडवलं. पाणी पडतच राहिलं. तेव्हा मला काचा आठवल्या. मी बाहेरून धावत जाऊन खिडकीवर पान्हा घातला, एकूणएक पट्टी फोडली. मग आत येऊन खांद्यानं दार ढकलत राहिलो, तिसऱ्या धक्क्याला कडी निघाली.

मनीषा पाटावर बसल्या जागी भिंतीला कलंडली होती. मावशी तिच्या पायाशी पालथ्या, हातात तांब्या तसाच. मी गिझर बंद केला, पलंगावरची चादर ओढून पोरीवर टाकली आणि दोघींना एकेक करून ओढत व्हरांड्यात आणलं. पावसाचे शिंतोडे दोघींच्या तोंडावर येत होते. मी नुसता ओरडत होतो, काय ओरडत होतो ते आठवत नाही. किसनआबा फाटकातून आले, दुधाची किटली तिथंच टाकून धावले. शेजारच्या बंगल्यातली गाडी मिळाली. डॉक्टरांना मी पहिल्या वाक्यात गॅस गिझर आणि बंद खिडकी सांगितली, त्यामुळे त्यांना शोधत बसावं लागलं नाही, लगेच प्राणवायू लावला. दुपारी मावशींनी डोळे उघडले. पहिला शब्द "पोर?" असा होता. मनीषा दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आली. दोघीही वाचल्या.

आणि मी गावाचा देव झालो. किसनआबांनी हॉस्पिटलच्या जिन्यात माझे पाय धरले. लोक म्हणाले, याला म्हणतात नशीब, पान्हा विसरला काय, परत आला काय, दोन जीव वाचले. एका मंडळानं नारळ आणि शाल दिली. मी ती घेतली. खिडकीच्या सगळ्याच काचा फुटल्या होत्या, त्यात त्या दोन नव्या काचा कोण ओळखणार? बसवताना मी आणि मॅडम दोघंच होतो. मॅडम एकदा फोनवर हळूच म्हणाल्या, "तो विषय आपण नको काढूया." मी म्हणालो, "नको." शेजारचे सगळे बंगले मला मिळाले. न विचारता बाथरूम वापरलं म्हणून मॅडमनी महिन्याभरात किसनआबा आणि मावशींना काढून टाकलं. ते मळवलीच्या पुढे आपल्या गावी गेले. मी भेटायला गेलो नाही. काम फार आहे, असं रेहानाला सांगत राहिलो. चार वर्षं सांगत राहिलो.

आता यंदाच्या श्रावणातली गोष्ट. हा लेख अर्धा लिहून झाला होता. वलवणच्या एका घरी नुसतं बघायला म्हणून बोलावलं होतं. त्या घरात सून बाळंत झालेली. न्हाऊ घालायला बाई मिळत नाही, अशी सासूबाईंची तक्रार.

मी सहज म्हणालो, "सोनामावशींना निरोप धाडा की. मळवलीहून येतील."

सासूबाईंनी माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला. "अहो, तुमीच म्हनता हे? पोटच्या पोरीला मारत व्हती ती. तुमी न्हाई गेला तर दोगी खल्लास. कोन बोलावनार तिला? चार वर्सं झाली, एका घरानं हाक मारली न्हाई. अपेशी हात म्हनत्यात बाया तिला."

मी चहाचा कप खाली ठेवला. मी म्हटलं, "अपेशी?"

"मंग काय. खिडकी तिनंच गच लावली व्हती ना?"

मी कसा घरी आलो ते मला सांगता येणार नाही. चार वर्षं मला वाटत होतं, की दोघी वाचल्या, म्हणजे माझी चूक पुसली गेली. माझी शाल कपाटात होती आणि तिकडे त्या बाईचं आयुष्यभराचं नाव गेलं होतं, एकाच खिडकीपायी. रात्री रेहानाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या दोन्ही बाळंतपणांत मावशीच होत्या. तुम्ही विसरलात?" मी विसरलो नव्हतो. म्हणूनच तर चार वर्षं गेलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्यांच्या गावी गेलो. किसनआबा मला बघून हरखले. शेजाऱ्याला हाक मारून म्हणाले, "ह्ये बग, ह्येंनीच मनीला वाचिवली!" सोनामावशी ओसरीवर सुपात तांदूळ पाखडत होत्या. म्हाताऱ्या दिसत होत्या. "या भाऊ, लय दिसांनी वाट चुकलात," म्हणाल्या आणि चहा टाकायला उठायला लागल्या. मी त्यांना बसवलं. उभ्याउभ्याच बोललो, बसलो असतो तर बोललो नसतो. काचा, मॅडम, कपाट, वाटी, सगळं सांगितलं. दिवाळी अंकात लेख लिहितोय, तेही बोलून गेलो.

मावशींच्या हातातलं सूप थांबलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, तांदळाकडे बघत होत्या.

"म्हंजी," त्या हळू म्हणाल्या, "आदूगर बारा दिस मी न्हाऊ घातलं, तवा वरून वारा येत व्हता, त्यो काचा न्हवत्या म्हून?"

"हो मावशी."

"मी रोज तशीच खिडकी लावली. रोज तेवढंच पानी. बारा दिस काय झालं न्हाई आन तेराव्याच दिशी का, ह्ये मी चार वर्सं इचारतीया सोताला. पानी जास्ती घातलं का? गप्पा मारत बसले का? देवाचं काय करायचं ऱ्हायलं? रोज. एक दिस सोडला न्हाई." मग त्यांनी मान वर केली. "आन तुमाला ठावं व्हतं."

"हो."

"मी हितं झुरतीया आन तुमी तितं शाल घेऊन बसलात व्हय!"

ज्या माणसानं माझे पाय धरले होते तो उठून माझ्यासमोरून आत गेला. आतूनच त्यांचा आवाज आला, "मनीच्या दुसऱ्या खेपेला सासरच्यांनी तिला हितं धाडली न्हाई. दुसरं नातवंड दीड वर्साचं झालं. तिच्या आईनं त्येला हात लावलेला न्हाई. सासूबाई म्हनल्या, नगं."

रेहाना रडायला लागली. मी मावशींसमोर खाली बसलो आणि माफी मागितली. त्यांनी ती दिली नाही. मी ती मिळाली असं लिहिणार नाही, कारण मिळालेली नाही. मी म्हणालो, "मी मनीषाच्या सासरी जाऊन सांगतो. वलवणला घरोघर जाऊन सांगतो."

"तुमी सांगाल आन लोकं म्हनतील, बाईची दया आली म्हून बोलतोय. लय भला मानूस. तुमचंच नाव व्हईल परत." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मग रेहानाकडे वळून विचारलं, "ह्ये कुटं तरी लिवत्यात म्हनं. दिवाळीच्या पुस्तकात?"

रेहानानं मान हलवली.

"मंग तितं लिवा," त्या मला म्हणाल्या. "मला वाचता येत न्हाई, पन मनीच्या सासूबाई मास्तरीन हायेत. त्या छापलेलं खरं मानत्यात. आन वाढवून चढवून नगं. माझी दया नगं, माझं गुनगान नगं. मी खिडकी लावली, ते बी लिवा, ते खरं हाय. पन काच कुनी बसवली त्ये लिवा. शेवटाला लिवा, म्हंजी मानूस पुस्तक मिटतो तवा त्येच्या ध्यानात ऱ्हाईल."

त्यांनी सांगितल्याप्रमाणे शेवटाला लिहितो. काच मी बसवली.